आवाज खूप, पक्षी दिसेना: उष्णकटिबंधीय आशियातले दुर्मिळ रानपक्षी शोधण्याची पद्धत

उष्णकटिबंधीय आशियातल्या दाट जंगलात पहिल्यांदा गेलेल्या जवळपास प्रत्येक पक्षीनिरीक्षकाची तक्रार एकच असते: आवाज चहूबाजूंनी येतात, पक्षी मात्र एकही दिसत नाही. पाणथळीवर सकाळच्या दोन तासांत पन्नास जाती सहज लिहिणारा माणूस बोर्निओत दुपारपर्यंत दहा-बारा नावं लिहून हताश बसतो. यात त्याच्या नजरेचा दोष नसतो. या जंगलात जाती पुष्कळ, पण एकेका जातीचे पक्षी विरळ. झाडं पन्नास-साठ मीटर उंच, खाली उजेड जेमतेम. त्यात बरेचसे पक्षी जंगलाच्या एकाच थरात वावरतात. कोणी शेंड्यावर, कोणी मधल्या फांद्यांवर, तर कोणी आयुष्यभर पालापाचोळ्यातच.

मग आपण काय करतो? भराभर चालतो. पायवाट संपवून दुसरी धरतो. इथे नेमकं तेच आड येतं, कारण ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आलो ते पक्षी आपली पावलं ऐकून आधीच बाजूला झालेले असतात. या लेखातला बराचसा सल्ला त्यामुळे कुठे, कधी आणि किती वेळ थांबायचं याबद्दल आहे.

यादी करा, पण लहान

एखाद्या देशाची पूर्ण पक्षीसूची उघडून 'जमतील तेवढे पाहू' म्हणणं हा निराश होण्याचा खात्रीचा मार्ग आहे. एका सहलीसाठी सात-आठ पक्षी निवडा आणि त्यांची मनातल्या मनात विभागणी करा. काही पक्षी योग्य ठिकाणी गेलं की बहुधा दिसतातच. थायलंडच्या खाओ याई राष्ट्रीय उद्यानातला सयामीज फायरबॅक (रानकोंबड्याच्या कुळातला फेझंट) किंवा श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलातला निळा मॅगपाय हे असे. काहींसाठी घाम गाळावा लागतो: मलेशियातला रेल-बॅबलर, बोर्निओतल्या सबा या मलेशियन राज्यातल्या किनाबालू पर्वतावरचा व्हाइटहेड्स ट्रोगॉन, किनाबटांगन नदीकाठचा बोर्निओ ग्राउंड-कुकू. उरलेले निव्वळ नशिबाचे. बोर्निओ पिकॉक-फेझंट किंवा सुमात्रा ग्राउंड-कुकू यांचं नाव यादीत जरूर लिहा, पण त्यांच्यावर सहलीचं यश टांगू नका.

यादी करताना जुन्या सहलवृत्तांतांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गर्नीज पिट्टाचं उदाहरण पुरेसं आहे. निळ्या डोक्याचा हा देखणा पिट्टा (नवरंगाच्या कुळातला, जमिनीवर वावरणारा पक्षी) १९५२ नंतर जंगलात कोणाला दिसला नव्हता. १९८६ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये तो पुन्हा सापडला आणि क्राबी प्रांतातल्या एका छोट्या सखल जंगलाकडे जगभरच्या निरीक्षकांची रीघ लागली. त्या काळातली वर्णनं अजून वाचायला मिळतात, कुठल्या वाटेवर, कुठल्या ओढ्यापाशी थांबायचं यासकट. पण भोवतालचं जंगल रबर आणि पाम तेलाच्या लागवडीखाली गेलं आणि थायलंडमधून हा पक्षी जवळपास नाहीसाच झाला. २००३ मध्ये म्यानमारच्या दक्षिण टोकाला, तनिन्थायी भागात त्याची वस्ती सापडली. तिथलं सखल जंगलही वेगाने तुटतं आहे. म्हणून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या जातीची गेल्या दोन-तीन वर्षांतली नोंद आहे का, हे पाहूनच नाव यादीत घ्या.

उलट दिशेचे धक्केही बसतात. काळ्या भुवईचा बॅबलर १८४० च्या दशकातल्या एका नमुन्यापुरता विज्ञानाला माहीत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, दक्षिण कालीमंतानमधल्या दोन स्थानिक रहिवाशांना तो सापडला आणि त्यांनी फोटो पाठवल्यावर ओळख पटली. आपल्याकडच्या रानपिंगळ्याचं असंच झालं. १८८४ नंतर ज्याची विश्वासार्ह नोंद नव्हती, तो १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तोही भर दिवसा, उघड्या फांदीवर.

नकाशावर आधी उंची बघा

उष्ण प्रदेशात पाचशे मीटर वर चढलात की पक्षी बदलतात. सखल जंगल, डोंगरउतार आणि उंचावरचं शेवाळलेलं जंगल ही तीन वेगळी पक्षिविश्वं समजा. किनाबालू उद्यानाचं मुख्यालय साधारण १,५०० ते १,६०० मीटरवर आहे. व्हाइटहेड या नावाचे ट्रोगॉन, ब्रॉडबिल आणि स्पायडरहंटर हे त्रिकूट त्याच परिसरात शोधतात. १८८८ मध्ये हा पर्वत चढलेल्या जॉन व्हाइटहेडवरून ही नावं पडली. पण ब्रिसलहेड हवा असेल तर याच सबा राज्यात खाली उतरून सेपिलोक किंवा डॅनम व्हॅली गाठावी लागते. किनाबालूवर तो कितीही शोधलात तरी उपयोग नाही.

माझा सल्ला: दहा दिवस असतील तर दोनच ठिकाणं घ्या, एक सखल आणि एक डोंगरी. पाच ठिकाणांची धावती सहल यादी फुगवते खरी, पण दुर्मिळ पक्षी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाती लागतात, त्या जागेचा आवाज आणि दिनक्रम कानात बसल्यावर.

कुठल्या पक्ष्यासाठी कुठे, याचा ढोबळ अंदाज असा. धनेश, पिट्टा, ब्रिसलहेड यांसाठी सबा. रेल-बॅबलर आणि मलायन पिकॉक-फेझंटसाठी मलेशियातलं तमन नेगारा. पिट्टे, ब्रॉडबिल आणि फेझंटसाठी थायलंडमधलं खाओ याई आणि काएंग क्राचान. बार-बेलीड पिट्टासाठी व्हिएतनामचं कात तिएन. श्नायडर्स पिट्टासाठी सुमात्रातला केरिंची पर्वत. फिलिपाइन गरुडासाठी मिंडानाओ बेटावरचा किटांगलाड. पहिल्यांदाच सदाहरित जंगलात जाणाऱ्याने मात्र केरळातल्या तट्टेकाडपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. जेमतेम २५ चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यात कर्णा (मलबारी ट्रोगॉन), बेडूकमुखी, मलबारी राखी धनेश हे सगळे भेटतात आणि दाट झाडीत बघण्याची सवय लागते.

ऋतू

'पावसाळा टाळा' एवढा सल्ला अपुरा आहे, कारण प्रत्येक देशाचा पावसाळा वेगळा. सबात साधारण मार्च ते सप्टेंबर हा काळ बरा. मलय द्वीपकल्पाच्या पूर्व भागात नोव्हेंबरपासून जोरदार पाऊस असतो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडच्या ओल्या जंगलांसाठी जानेवारी ते एप्रिल चांगला, फिलिपाइन्ससाठीही जानेवारी ते मे. थायलंडमध्ये फेब्रुवारी ते मे हा विणीचा आणि म्हणून गाण्याचा काळ. काएंग क्राचानचा वरचा भाग पावसाळ्यात बंद असतो, तेव्हा तारखा आधी तपासा.

पिट्ट्यांचं गणित थोडं निराळं. त्यांतले अनेक पहिल्या सरींनंतर बोलके होतात. नवरंग घ्या: मध्य भारतात तो पावसाच्या तोंडावर येतो आणि सतत शीळ घालतो, पण हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत तोच पक्षी बराचसा गप्प असतो, फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला एखाददोनदा बोलतो. म्हणजे एकाच पक्ष्याला शोधण्याची रीत ऋतूप्रमाणे बदलते.

कान तयार करा

सगळ्या तयारीत हा भाग मोठा आहे, आणि नेमका हाच लोक टाळतात. सदाहरित जंगलात पक्ष्याची पहिली बातमी कानाकडूनच येते. निघण्याच्या महिनाभर आधी झेनो-कँटो या संकेतस्थळावरून तुमच्या यादीतल्या पक्ष्यांचे आवाज उतरवून घ्या आणि रोज थोडे ऐका. शंभर आवाज पाठ करायला जाऊ नका. सात-आठ टार्गेट पक्षी आणि त्याच जंगलात सतत ओरडणारे दहा-पंधरा नेहमीचे पक्षी, एवढं पुरे. नेहमीच्यांचे आवाज का? ते वजा करता आले तरच वेगळा आवाज कानाला खटकतो. तांबटांची दिवसभराची टुक-टुक ओळखीची झाली की ती मागे पडते आणि तिच्याआडून आलेली एखादी बारीक शीळ ऐकू येते.

ऐकताना आवाजाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. तुमच्या कानाला जे वाटलं तेच जंगलात आठवतं, पुस्तकातलं वर्णन आठवत नाही. ग्रेट आर्गस या फेझंटचा नर लांबवर घुमणारं 'कू-वाऊ' करतो. हेल्मेटेड हॉर्नबिल हा धनेश आधी सावकाश एकेक हुंकार टाकतो, मग हुंकार जवळजवळ येत जातात आणि शेवटी तो खदाखदा हसत सुटतो. हे दोन आवाज एकदा ऐकले की चुकत नाहीत.

चुकतं ते एकसुरी शिट्ट्यांमध्ये. सुंदा प्रदेशातल्या (मलय द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओ या पट्ट्यातल्या) सखल जंगलात गार्नेट पिट्टा आणि रेल-बॅबलर दोघेही एकाच सुरातली लांब, पातळ शीळ घालतात. गार्नेट पिट्टाची शीळ हळूहळू चढत जाते आणि टोकाला पटकन तुटते. रेल-बॅबलरची शीळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट आणि जास्त स्वच्छ. बोर्निओतल्या डोंगरउतारावर ब्लू-बँडेड पिट्टाही याच प्रकारची शीळ घालून गोंधळात भर घालतो. हे आवाज एकामागोमाग एक लावून ऐका. एकेकटे ऐकून फरक कळत नाही.

दिशा ओळखणं हे वेगळं कौशल्य. पातळ शिट्ट्या कुठून येतात ते कळतच नाही. पक्ष्याने मान वळवली तरी आवाज दूर गेल्यासारखा वाटतो. दोन्ही कानांमागे तळहातांची ओंजळ धरा आणि डोकं सावकाश फिरवा. दिशा ठरली की वाटेवर वीस-तीस पावलं बाजूला सरका आणि पुन्हा ऐका. दोन दिशा जिथे छेदतात तिथे पक्षी. आवाज मोबाइलवर रेकॉर्डही करून ठेवा, संध्याकाळी शांतपणे पडताळता येतो. आवाजावरून पक्षी सुचवणारं मर्लिनसारखं अॅप मदतीला चांगलं, पण त्याने सुचवलेलं दुर्मिळ नाव थेट वहीत उतरवू नका.

सामान

दुर्बीण ८ × ४२ घ्या. १० पट मोठं दिसतं हे खरं, पण अंधाऱ्या जंगलात उजेड महत्त्वाचा. ४२ ला ८ ने भागलं तर डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास सव्वापाच मिलिमीटर भरतो, १० पट दुर्बिणीत तो ४.२ वर येतो. शिवाय ८ पटीत दृश्य रुंद दिसतं, म्हणून हलता पक्षी लवकर सापडतो. दुर्बीण दोन-अडीच मीटरवरचंही स्पष्ट दाखवते का ते तपासून घ्या. पिट्टा कधीकधी पायांपाशीच उभा असतो. आणि ती जलरोधक हवी. एसी खोलीतून थेट बाहेर नेलेल्या भिंगांवर वाफ धरते, म्हणून रात्री ती खोलीबाहेर सुरक्षित जागी किंवा बंद पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा.

कपडे मळखाऊ रंगाचे आणि न सळसळणारे. चुरचुर वाजणारा रेनकोट घालून फेझंट शोधायला जाणाऱ्यांचं मला नेहमीच नवल वाटतं. घडीचं छोटं स्टूल अवश्य घ्या. तासभर न हलता बसायचं तर ते महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडतं.

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे मिळतात, ते घालाच. चिकटलेली जळू चिमटीत धरून ओढू नका आणि तिच्यावर मीठ किंवा पेटती काडीही नको. तिच्या तोंडाकडच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ती सोडवा. जखमेतून थोडा वेळ रक्त येत राहतं, कारण जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरण्यासारखं काही नाही. डास मात्र गंभीरपणे घ्या. या पट्ट्यात डेंग्यू सर्वत्र आहे आणि सबात माकडांकडून डासांमार्फत माणसांत येणारा मलेरियाही आढळतो. निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

जंगलातला दिवस

उजाडण्याआधी जागेवर पोहोचा. पहिला दीड तास आवाजांचा. या वेळात टार्गेट पक्ष्याच्या संभाव्य जागी उभं राहून फक्त ऐका. मग साधारण साडेसात-आठनंतर ऊन शेंड्यांवर पडलं की मिश्र थवे फिरू लागतात. अर्धा तास काहीच नाही आणि अचानक चोहीकडे पक्षीच पक्षी, असं झालं की थवा आला समजा. सिंहराजात केशरी चोचीचे सातभाई आणि भृंगराज कोतवाल अशा थव्यांचं नेतृत्व करतात. त्यांचा कलकलाट ऐकू आला की त्या दिशेला धावू नका; थवा कुठे सरकतोय ते पाहून त्याच्या पुढे, झाडी थोडी विरळ असेल तिथे जाऊन उभे राहा. लाल तोंडाचा मलकोहा आणि कर्णा अशा थव्यांबरोबर असतात. पहिले आलेले चार-पाच पक्षी नेहमीचेच निघतात. दुर्बीण त्यांच्यावर खिळवून ठेवली तर मागून गुपचूप सरकणारा पक्षी हातचा जातो. शेवटचा पक्षी जाईपर्यंत थांबा आणि त्यानंतरही पाच मिनिटं.

फळांनी लगडलेलं वड-उंबराच्या कुळातलं झाड सापडलं तर बाकीचा कार्यक्रम रद्द करा. धनेश, हरियाल, तांबट, हिरवे ब्रॉडबिल असे सगळे तिथे येतात. आदल्या दिवशी मार्गदर्शकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: सध्या कुठलं झाड पिकलंय?

दुपारी अकरा ते तीन जंगल गप्प असतं. परत या, जेवा, झोपा. पाऊस पडून गेला असेल तर मात्र अपवाद: पाऊस थांबल्यानंतरचा अर्धा तास पहाटेसारखा बोलका असू शकतो.

जमिनीवरचे पक्षी

पिट्टे, रेल-बॅबलर, ग्राउंड-कुकू, फेझंट. लोक लांबून येतात ते मुख्यतः यांच्यासाठी, आणि सगळ्यात जास्त चुकामूकही यांचीच होते. यांना झाडीत घुसून शोधू नका. एक काटकी मोडली की पिट्टा टुणटुण उड्या मारत दिसेनासा होतो. उडतही नाही, म्हणून हालचालही कळत नाही.

पक्ष्याचा आवाज ऐकला की अंदाजे दिशेकडे तोंड करून वाटेच्या कडेला खाली बसा. पाठीमागे जाड खोड असू द्या म्हणजे तुमची आकृती उठून दिसणार नाही. समोर निदान दोन-तीन फटी अशा हव्यात जिथून जमीन दिसते. मग डोळे एका बिंदूवर न रोवता सैल ठेवा आणि हालचाल टिपा. पिट्टा चार-पाच उड्या मारतो, थबकतो, पानं उलटवतो. पानं उडवल्याचा तो कोरडा आवाज शिळेइतकाच महत्त्वाचा असतो. रेल-बॅबलर मात्र चालतो, प्रत्येक पावलाला मान पुढे-मागे करत. शीळ घालताना त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंची निळी कातडी फुगते. हालचाल दिसल्यावर दुर्बीण झटक्यात उचलू नका, आधीपासूनच छातीच्या वर धरून बसा.

बोर्निओ ग्राउंड-कुकूसाठी पद्धत वेगळी. तो पूरक्षेत्रातल्या जंगलात असतो, त्यामुळे पहाटे छोट्या होडीतून किनाबटांगनच्या अरुंद उपनद्यांत शिरून इंजिन बंद करायचं आणि काठावरून येणारा खोल, जड आवाज ऐकायचा. हा पक्षी रानडुकरांच्या मागे फिरतो, कारण डुकरांनी माती उकरली की किडे वर येतात. काठावर डुकरांचा कळप दिसला तर घाई करून पुढे जाऊ नका.

ग्रेट आर्गसचा नर जंगलात काही मीटरचं अंगण पानन् पान उचलून स्वच्छ ठेवतो आणि तिथे नाचतो. असं अंगण दिसलं तर त्यात पाऊल टाकू नका. लांबून, झाडीआडून, पहाटे बसून बघा. त्यात एखादं पान टाकून 'तो येऊन उचलतो का' हे पाहण्याची खोडही काही जणांना असते. ती मला अजिबात आवडत नाही.

मधल्या फांद्या आणि शेंडे

ट्रोगॉनांची ख्याती रंगांसाठी, पण ते दिसतात फार कमी, कारण तासन्‌तास हलत नाहीत. कर्ण्याला संशय आला की तो लाल छाती फिरवून तपकिरी पाठ आपल्याकडे करतो, आणि पाठ सुकलेल्या पानात मिसळून जाते. आवाज आल्यावर नजर जमिनीपासून पाच ते दहा मीटरच्या आडव्या, उघड्या फांद्यांवरून सावकाश फिरवा. सरळ खाली सोडलेल्या शेपटीची ताठ आकृती शोधा, रंग शोधू नका.

ब्रॉडबिलांसाठी ओढ्यांवर लोंबणारी पिशवीसारखी, विस्कटलेल्या गवताच्या झुबक्यासारखी घरटी बघत चला. चालू घरटं दिसलं तर लांबूनच बघा आणि दहा मिनिटांत निघा.

शेंड्यावरचे पक्षी खालून बघणं म्हणजे मान दुखवून घेणं. डॅनममध्ये २०१९ मध्ये १००.८ मीटर उंचीचं पिवळ्या मेरांटीचं झाड मोजलं गेलं. अशा जंगलात खालून काय दिसणार? म्हणून शेंड्यांच्या उंचीवरचे झुलते पूल आणि मनोरे वापरा. ब्रिसलहेडसाठी सेपिलोकचा पूल प्रसिद्ध आहे. हा काळा-लाल, टकला, थोडासा भयंकरच दिसणारा पक्षी आपल्या कुळातला एकुलता एक. तो छोट्या टोळीने, नाकात बोलल्यासारखा ओरडत मोठ्या टापूत भटकतो, त्यामुळे एका ठिकाणी चार दिवस काहीच नाही आणि पाचव्या सकाळी सहा पक्षी डोक्यावर, असं होतं. इथे फिरण्यापेक्षा पुलावर पहाटे आणि संध्याकाळी ठाण मांडणं जास्त फळतं.

फिलिपाइन गरुडाचंही तसंच. सुमारे मीटरभर लांबीचा आणि दोन मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी जंगलाच्या आत शोधत नाहीत. समोरचा डोंगर दिसेल अशा उघड्या कड्यावर बसायचं. ऊन तापून हवा वर चढू लागली, म्हणजे सकाळी उशिरा, की तो घिरट्या घेतो. त्याआधी समोरच्या उतारावरची उघडी झाडं एकेक करून दुर्बिणीने तपासायची.

रात्र

बेडूकमुखी बघायला रात्र लागतेच असं नाही. जोडी दिवसा एकाच ठरलेल्या फांदीवर दिवसेंदिवस बसते, वाळक्या पानासारखी, आणि स्थानिक मार्गदर्शकांना ती फांदी माहीत असते. सेरेंडिब स्कॉप्स घुबडही तसंच दिवसा झुडपांत अगदी खाली बसतं. हे घुबड १९९५ मध्ये आधी फक्त ऐकू आलं, २००१ मध्ये दिसलं आणि २००४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि तेही पक्ष्यांचा इतका अभ्यास झालेल्या श्रीलंकेत. रात्री फिरताना विजेरीचा झोत थेट डोळ्यांवर धरू नका, कडेचा मंद उजेड पुरतो. हल्ली थर्मल दुर्बिणी आल्या आहेत. झोपलेला पिट्टा त्यात चटकन सापडतो, पण झोपेतून उठवलेला पक्षी अंधारात धडपडतो, म्हणून झोपलेले पक्षी सोडून द्यावेत.

हाइड आणि प्लेबॅक

थायलंड, व्हिएतनाम आणि आता सबातही खाणं किंवा पाणी ठेवून बांधलेले हाइड, म्हणजे लपून बसण्याचे आडोसे, आहेत. पाच मीटरवर पिट्टा, समोर फेझंट. शुद्धतावादी नाक मुरडतात. मला यात सरसकट वाईट काही दिसत नाही: ज्या शेतकऱ्याच्या पाणवठ्यावर हाइड आहे त्याला जंगल राखण्यात पैसा दिसतो, आणि रोज दहा गटांनी आवाज वाजवत झाडीत शिरण्यापेक्षा एका जागी बसलेली माणसं बरी. मात्र हाइडमध्ये भडक अत्तर, फ्लॅश आणि कुजबुज नको, आणि पक्षी समोर असताना बाहेर पडायचं नाही. घरट्यासमोर बांधलेला हाइड असेल तर पैसे परत मागून निघून या.

प्लेबॅकची गोष्ट नाजूक. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून पक्ष्याला आपल्या हद्दीत परका आला असं वाटतं आणि तो खाणं सोडून भांडायला येतो. नावाजलेल्या ठिकाणी एकाच पिट्ट्याला आठवड्यातून अनेकदा हे सोसावं लागतं. शेवटी तो प्रतिसाद देणंच थांबवतो. बऱ्याच उद्यानांत प्लेबॅकला बंदी आहे, तिथे विषय संपला. जिथे परवानगी आहे तिथे पक्षी स्वतःहून बोलल्यावरच, हळू आवाजात, दोन-तीनदा वाजवून थांबा. आला नाही तर नाही. धनेशाच्या विणीत तर ढोलीसमोर उभंही राहू नका. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि तिची व पिल्लांची उपासमार टळते ती नराच्या फेऱ्यांमुळे. तुम्ही समोर असाल तर तो खाणं घेऊन लांब बसून राहतो.

मार्गदर्शक स्थानिकच घ्या. काय बघायचं आहे हे आधी कळवा, आणि 'नाही दिसला तरी चालेल' हेही स्पष्ट सांगा. हे ऐकलं की तो पक्ष्याला त्रास देऊन दाखवण्याच्या दडपणातून मोकळा होतो. सिंहराजासारख्या ठिकाणी सोबत मार्गदर्शक लागतोच, आणि डॅनममधली राहण्याची जागा बरीच आधी ठरवावी लागते.

नोंद करताना

पक्षी दिसल्यावर फोटोच्या मागे लागण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा आणि वहीत लिहा: वेळ, उंची, जमिनीपासून किती वर, काय करत होता, आवाज. पायांचा आणि डोळ्याभोवतीच्या कातडीचा रंग आठवणीने लिहा. मादी आणि पिल्लं ओळखताना नेमके तेच कामी येतात. नुसता ऐकलेला पक्षी 'ऐकला' असाच लिहा.

नोंद ई-बर्डवर जरूर टाका. पकडले किंवा मारले जाणाऱ्या संवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड आपोआप लपवतं. समाजमाध्यमं तसं करत नाहीत. हेल्मेटेड हॉर्नबिल चोचीवरच्या भरीव शिरस्त्राणासाठी मारला जातो. कोरीव कामासाठी त्याचा व्यापार इतका बोकाळला की २०१५ मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' ठरली. स्ट्रॉ-हेडेड बुलबुल गोड गळ्यामुळे पिंजऱ्यासाठी पकडला जाऊन इंडोनेशियाच्या बहुतेक भागांतून संपला, आणि आज त्याची सर्वांत मजबूत वस्ती सिंगापूरमध्ये आहे. तेव्हा अशा पक्ष्यांचा फोटो टाकताना त्यातली जागेची माहिती काढून टाका, मागचा ओळखता येणारा सुळका किंवा फलक कापा, आणि 'कुठे मिळाला?' या प्रश्नाला देशाच्या नावापलीकडे उत्तर देऊ नका. सहलीतल्या बाकीच्यांनाही हे निघण्याआधीच सांगून ठेवा, कारण एका जणाने जागेसकट टाकलेला फोटो नंतर काढून काही उपयोग नसतो.